सेरेस : धान्याची देवता आणि सामान्यांचे देऊळ

आपल्याकडे लेक सासरी जाताना तिच्याबरोबर अन्नपूर्णेची लहानशी पितळी मूर्ती देतात. तांदळाच्या राशीवर ती बसते, हातात तिच्या पळी असते, आणि घरात अन्नाला तोटा पडू नये एवढेच तिच्यापाशी मागणे असते. धान्याची देवता म्हटली की असे घरगुती, मायेचे रूप आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. प्राचीन रोममध्येही धान्याची एक देवता होती. तिचे नाव सेरेस. तीही आई होती, तीही पिकापाण्याची काळजी वाहणारी होती. परंतु तिचे देऊळ हे नुसते पूजेचे ठिकाण नव्हते. शहरातल्या सामान्य लोकांच्या प्रतिनिधींची ती कचेरी होती. त्यांचे दप्तर तेथे राही, आणि त्यांच्या प्रतिनिधींवर हात टाकणाऱ्याच्या मालमत्तेचा लिलावही तेथेच होई. धान्याची देवता आणि गरिबांची कचेरी यांची सांगड कशी पडली, आणि ती पुढे कितपत टिकली, हे आपणांसमोर मांडावयाचे आहे.

मी विद्वान नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. धान्यबाजारात पोती वाहणाऱ्या माणसांमध्ये माझी उमेद गेली. तेव्हा धान्याच्या देवतेची चौकशी करावीशी वाटली, यात नवल नाही.

प्रथम नावाचा विचार करू. इंग्रजीच्या वळणाने काही जण 'सीरीज' म्हणतात, मराठीत आपण 'सेरेस' लिहितो. पण प्राचीन रोमन माणूस हे नाव 'केरेस' असे उच्चारी, कारण लॅटिन भाषेत त्या काळी त्या अक्षराचा उच्चार सर्वत्र 'क' असाच होता. या नावाचा अर्थ काय, हा प्रश्न खुद्द रोमन लोकांनाही पडला होता. सिसरोच्या एका ग्रंथात हे नाव 'वाहणे, धारण करणे' अशा अर्थाच्या क्रियापदाशी जोडलेले आहे : धान्य धारण करते ती सेरेस. ही व्युत्पत्ती कानाला गोड असली तरी टिकत नाही. आजचे भाषापंडित हे नाव 'वाढणे' या अर्थाच्या एका फार जुन्या धातूशी जोडतात. लॅटिनमधील 'क्रेस्केरे' म्हणजे वाढणे आणि 'क्रेआरे' म्हणजे उत्पन्न करणे, ही दोन क्रियापदे त्याच घरातली. इंग्रजीतला 'क्रिएट' हा शब्द त्यांतूनच आला. म्हणजे सेरेस या नावाचा सरळ अर्थ 'वाढ'. कोणा राणीचे किंवा अप्सरेचे हे नाव नव्हे. रानात रोज घडणाऱ्या एका क्रियेचे हे नाव आहे.

हे नाव रोमपुरतेही नव्हते. रोमच्या उत्तरेस फालेरी नावाचे गाव होते. तेथे सापडलेल्या, इ. स. पूर्व ६०० च्या सुमाराच्या एका मातीच्या भांड्यावर सेरेसचे नाव कोरलेले आहे, आणि त्याबरोबरच 'फार' या धान्याचे. हे 'फार' म्हणजे साळीसारखे टरफलात घट्ट बसलेले गव्हाचे एक जुने वाण. त्या जातीचा गहू आपल्याकडे आजही पिकतो. आपण त्याला खपली म्हणतो. खपली गव्हाची खीर ज्यांनी खाल्ली आहे, त्यांनी सेरेसचा प्रसाद न कळत घेतलेला आहे! दक्षिणेकडच्या ऑस्कन लोकांच्या भाषेतही याच नावाची देवता होती. १८४८ साली आन्योने या इटालियन गावाच्या परिसरात काशाचा एक पत्रा मिळाला; त्यावर एका देवराईतील देवतांची यादी आहे, आणि त्यांतल्या कितीतरी देवतांच्या नावांपुढे 'केरेसची' असे विशेषण लागलेले आहे. पुढे रोमन कवी तर 'सेरेस' हा शब्द भाकरी या अर्थानेच वापरू लागले. 'सेरेसचे ते' या अर्थाच्या विशेषणापासून इंग्रजीत 'सीरियल' हा शब्द झाला, आणि सकाळी वाटीत दूध घालून जे खाल्ले जाते त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर आज हे नाव छापलेले असते.

नावाच्या या कहाणीत मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग निराळाच आहे. सेरेसचा एक खास पुरोहित असे. पेरणीच्या वेळी भूमिदेवता आणि सेरेस यांची पूजा बांधताना तो तिच्याबरोबर बारा सहायक देवांची नावे घेई. फाबियुस पिक्तोर या जुन्या लेखकाने दिलेली ती यादी पुढच्या एका टीकाकाराने जपून ठेवली, म्हणून आपल्याला ती मिळते. वेर्वाक्तोर म्हणजे पडीक रानाची पहिली नांगरट करणारा. रेपारातोर म्हणजे दुबार नांगरणारा. इम्पोर्कितोर म्हणजे सऱ्या पाडणारा. इन्सितोर म्हणजे पेरणारा. ओबारातोर म्हणजे पेरल्यावर वरून नांगर फिरवून बी झाकणारा. ओक्कातोर म्हणजे ढेकळे फोडून कुळवणारा. सार्रितोर म्हणजे खुरपणारा. सुब्रुंकिनातोर म्हणजे तण उपटणारा. मेस्सोर म्हणजे कापणी करणारा. कोन्वेक्तोर म्हणजे वाहून आणणारा. कोन्दितोर म्हणजे कणगीत साठवणारा. आणि बारावा प्रोमितोर, म्हणजे साठवलेले धान्य बाहेर काढून देणारा.

या बारा देवांना ना आईबाप, ना बायकामुले, ना कोणाशी युद्ध, ना कोणाला शाप. त्यांच्याविषयी एकही कथा नाही. प्रत्येकाला एकच काम, आणि कामाचे नाव तेच त्याचे नाव. वाढ ही देवीची, हे रोमन शेतकऱ्याला मान्य होते. पण ती वाढ बारा जणांच्या हातांखालून गेल्यावाचून ताटात येत नाही, हेही तो विसरत नव्हता. दहावे नाव वाचताना आमच्या बाजारातली माणसे मला दिसतात. पाठीवर पोते घेणाऱ्याला ज्या यादीत देवाचा मान मिळाला, अशी यादी मी दुसरीकडे वाचलेली नाही.

आता पुराणकथेकडे वळू. ग्रीक लोकांची दीमीटर ही अशीच धान्यदेवता. ग्रीक वसाहती दक्षिण इटलीत आणि सिसिली बेटात होत्या, त्यांच्या संगतीने दीमीटरची कथा सेरेसला येऊन चिकटली. ओविड या रोमन कवीने ती आपल्या दोन काव्यांत सांगितली आहे. सिसिलीच्या मध्यभागी उंच पठारावर एन्ना नावाचे गाव आहे. त्याच्या जवळच्या पेर्गुस तळ्याकाठी सेरेसची मुलगी प्रॉसर्पिना मैत्रिणींबरोबर फुले वेचीत होती. पाताळाचा राजा प्लूटो याने तिला पाहिले आणि रथात घालून जमिनीखाली पळवून नेले. आई शोधावयास निघाली. एटना ज्वालामुखीच्या आगीवर तिने दोन मशाली पेटविल्या आणि रात्रंदिवस ती पृथ्वी धुंडाळीत हिंडली. शेवटी एका झऱ्यावर लेकीचा कमरपट्टा तरंगताना दिसला, तेव्हा तिला कळले की मुलगी याच बेटावरून नाहीशी झाली. मग मात्र तिचा तोल सुटला. नांगर तिने मोडून टाकले, बैलांवर आणि शेतकऱ्यांवर मरण धाडले, बी जमिनीतच कुजविले. अखेर जुपिटरला मध्ये पडावे लागले. पाताळात तिने अन्नाला तोंड लावले नसेल तर मुलगी परत मिळेल, अशी अट निघाली. पण पोरीने डाळिंबाचे दाणे खाल्ले होते. एका काव्यात ओविड सात दाणे सांगतो, दुसऱ्यात तीन. म्हणून तडजोड झाली : सहा महिने मुलगी आईपाशी, सहा महिने नवऱ्यापाशी. ती वर असते तेव्हा आई हसते, आणि शेत पिकते.

बी जमिनीखाली जाते आणि पुन्हा वर येते, त्याची ही कथा आहे, असा अर्थ जुन्या रोमन पंडितांनीही लावला होता. तो बरोबरच आहे. पण या कथेत आणखी एक गोष्ट आहे, ती जुन्या ग्रीक स्तोत्रात अधिक स्पष्ट दिसते. त्यात दीमीटर क्रोधाने जाळपोळ करीत नाही. ती देवांच्या सभेतून उठून जाते, एलेउसिस येथल्या आपल्या देवळात बसते, आणि एकही बी उगवू देत नाही. माणसे उपाशी पडतात, आणि देवांना नैवेद्य पोहोचणे थांबते. एकामागून एक देव मनधरणीला येतात. ती कोणाचे ऐकत नाही. सर्वशक्तिमान म्हणविणाऱ्या झ्यूसला मग बोलणी करावी लागतात. ज्याच्या हाती वीज आहे त्याचेही पान जिच्यावाचून हलत नाही, ती नुसती स्वस्थ बसली, एवढेच घडले. पूर्ण विजय तिलाही मिळाला नाही. वर्षाच्या दोन तृतीयांश काळाची तडजोड पदरात पडली. कामगार चळवळीत ज्यांनी काही वर्षे काढली आहेत, त्यांना या कथेची ओळख करून देण्याची जरूर नाही.

रोममध्ये आईलेकीचे हे व्रत स्त्रियांचे होते. त्याचे विधी ग्रीक पद्धतीचे असल्यामुळे पुजारिणी बहुधा नेपल्स किंवा वेलिया येथून आणीत, आणि परकी बाई रोमच्या वतीने देवीला विनविणार, म्हणून तिला रोमचे नागरिकत्व देत. इ. स. पूर्व २१६ मध्ये कान्नेच्या लढाईत हॅनिबलने रोमन सैन्याची कत्तल केली, तेव्हा घराघरांत सुतक पडले. सुतकातल्या बाईला सेरेसची पूजा करता येत नसे. पूजेला एकही बाई मोकळी उरली नाही, आणि त्या वर्षीचे व्रत खंडित झाले. म्हणून सेनेटला सुतकाची मुदत तीस दिवसांवर आणावी लागली. पराभव केवढा मोठा होता, हे या एका बारीक तपशिलावरून जितके कळते तितके मृतांच्या आकड्यांवरून कळत नाही.

तिचा मोठा उत्सव मात्र साऱ्या गावाचा होता, आणि तो वसंतातच येई. १९ एप्रिल हा त्याचा मुख्य दिवस. त्या दिवशी लोक पांढरी वस्त्रे नेसत, शर्यतीच्या मैदानात खेळ होत. कोल्ह्यांच्या शेपट्यांना पेटत्या मशाली बांधून त्यांना मैदानात सोडण्याची एक क्रूर चालही होती. एका खेड्यातील पोराने कोल्ह्याला गवतात गुंडाळून पेटवून दिले आणि त्याने पळता पळता उभी पिके जाळली, त्याची ही शिक्षा, अशी हकीकत ओविडने दिली आहे.

हे झाले पुराण. इतिहासात सेरेसचे देऊळ उभे राहिले ते टंचाईतून. परंपरेप्रमाणे इ. स. पूर्व ४९६ मध्ये युद्ध आणि धान्याचा तुटवडा अशी दोन्ही संकटे आली असता आउलुस पोस्तुमियुस या अधिकाऱ्याने देवळाचा नवस केला, आणि इ. स. पूर्व ४९३ मध्ये स्पुरियुस कास्सियुस या कॉन्सलने त्याची प्रतिष्ठापना केली. आव्हेंटाइन टेकडीच्या उतारावर, रथांच्या शर्यतीच्या मैदानाजवळ हे देऊळ होते. सेरेसबरोबर लिबेर आणि लिबेरा अशा आणखी दोन देवता त्यात होत्या. ही टेकडी शहराच्या पवित्र सीमेबाहेरची. पुढे इ. स. पूर्व ४५६ च्या एका कायद्याने तेथली जमीन सामान्य लोकांना घरांसाठी मिळाली. म्हणजे वस्तीही त्यांची आणि देवीही त्यांची.

या दोन तारखांच्या मध्ये काय घडले ते पाहिले पाहिजे. रोममध्ये त्या वेळी दोन वर्ग होते. पॅट्रिशियन म्हणजे जुनी उमराव घराणी. सत्ता, पुरोहितपण आणि न्याय त्यांच्या हाती. प्लेबियन म्हणजे बाकीचे सारे लोक. लढाईला बोलावणे आले की प्लेबियन शेतकरी शेत सोडून जाई. परत येई तो शेत उजाड आणि डोक्यावर कर्ज. कर्ज फिटले नाही तर सावकार त्याला बांधून नेई. इ. स. पूर्व ४९४ मध्ये या लोकांनी शहर सोडले. लिव्ही हा इतिहासकार सांगतो की, शहरापासून तीन मैलांवर 'पवित्र डोंगरा'वर जाऊन त्यांनी तळ दिला. कोणाला मारले नाही, लुटले नाही, पोटापुरते तेवढे घेतले आणि स्वस्थ बसून राहिले. उमरावांना शहर चालविता येईना, आणि शत्रू आला तर लढावयास माणूस नाही. मेनेनियुस आग्रिप्पा याला समजूत घालण्यासाठी धाडले. त्याने सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे : हातपायांनी आळशी पोटावर रुसून काम थांबविले, तेव्हा तेही झिजले, कारण पोटच सर्वांगाला पोसते. गोष्ट चतुर आहे. पण पोट मिळालेले अन्न खरोखरच सर्वांगाला परत देते की नाही, हाच तर तंट्याचा मुद्दा होता! लोक परतले ते करार झाल्यावर. त्यांना त्यांचे स्वतःचे ट्रिब्यून, म्हणजे लोकप्रतिनिधी, मिळाले, आणि त्या प्रतिनिधींच्या अंगाला हात लावणे हे पाप ठरले. पुढच्याच वर्षी सेरेसच्या देवळाचे दार उघडले.

ट्रिब्यूनांच्या हाताखाली 'एडाइल' नावाचे अधिकारी नेमले. लॅटिनमध्ये देवळाच्या घराला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडले, असे सामान्यपणे मानतात. बाजारावर देखरेख, धान्याचा पुरवठा, खेळांची व्यवस्था अशी कामे त्यांच्याकडे आली, आणि त्यांचे ठाणे म्हणजे सेरेसचे देऊळ. इ. स. पूर्व ४४९ च्या कायद्याने ठरले की, ट्रिब्यूनाला इजा करणाऱ्याचे डोके जुपिटरच्या स्वाधीन आणि त्याच्या मालमत्तेची विक्री सेरेस, लिबेर आणि लिबेरा यांच्या देवळात. त्याच वर्षी आणखी एक नियम झाला. सेनेटचे ठराव आजवर कॉन्सल मनास येईल तसे दडपीत किंवा बदलीत. यापुढे ते ठराव सेरेसच्या देवळात एडाइलांच्या हवाली करावयाचे. मित्रहो, हा नियम वाचून मला मोठा आनंद झाला. लढे गाजतात, मिरवणुका लोकांच्या लक्षात राहतात. पण ठरलेले कलम कागदावर जसेच्या तसे राहावे, आणि तो कागद आपल्या कपाटात असावा, याचे मोल ज्याने वाटाघाटीच्या टेबलावर रात्री काढल्या आहेत त्यालाच कळते. चोवीसशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना ते कळले होते. त्यांनी आपले इतिवृत्त आपल्या देवीच्या ओटीत घातले.

अर्थात, ही वाट सरळ नव्हती. इ. स. पूर्व ४९१ मध्ये दुष्काळात सिसिलीहून धान्य आले, तेव्हा कोरिओलानुस या उमरावाने सेनेटमध्ये सुचविले की, लोकांना जुन्या भावाने धान्य हवे असेल तर त्यांनी आपले ट्रिब्यून सोडून द्यावेत. भुकेच्या बदल्यात हक्क विकत घेण्याचा हा डाव त्या वेळी फसला. देवळाची प्रतिष्ठापना करणाऱ्या स्पुरियुस कास्सियुसचे मात्र बरे झाले नाही. इ. स. पूर्व ४८६ मध्ये त्याने जमीनवाटपाचा कायदा मांडला. दुसऱ्या वर्षी 'राजा होऊ पाहतो' असा आरोप ठेवून त्याला मारले. त्याची मालमत्ता जप्त करून तिच्यातून सेरेसचीच काशाची मूर्ती करविली, असे लिव्ही आणि प्लिनी दोघेही सांगतात. ज्याने देवीला घर दिले, त्याच्या घराच्या मोडीतून देवीची मूर्ती झाली. देवीचा कायदाही हळवा नव्हता. रोमच्या 'बारा पाट्यां'च्या कायद्यात, रात्री दुसऱ्याचे उभे पीक चोरून कापणाऱ्या प्रौढ माणसाला सेरेसच्या नावाने फाशी सांगितली होती. पेरणाऱ्याच्या कष्टाला त्याने संरक्षण दिले हे खरे; पण कापणारा चोर होता की उपाशी होता, हे त्या कायद्याने विचारलेले दिसत नाही.

पुढे रोम वाढले. इ. स. पूर्व १२३ मध्ये गायुस ग्राक्खुस या ट्रिब्यूनाने कायदा केला की, नागरिकाला सरकारी कोठारातून ठराविक स्वस्त भावाने धान्य मिळावे. भाव होता एका मोदियुसला सहा पूर्णांक एक तृतीयांश आस. मोदियुस हे माप म्हणजे सुमारे साडेसहा किलो गहू. नंतरच्या काळात महिन्याला पाच मोदियुस, म्हणजे साधारण ३३ किलो, असा शिधा होता. इ. स. पूर्व ५८ मध्ये क्लोदियुसने तो फुकट केला. जूलियस सीझरने फुकट शिधा घेणाऱ्यांची संख्या ३,२०,००० वरून १,५०,००० वर आणली. ऑगस्टसच्या काळी ती सुमारे दोन लाख होती. रेशनच्या दुकानापुढची रांग काय असते हे आपण जाणतो. तेव्हा या आकड्यांमागची माणसे आपल्याला परकी वाटू नयेत.

येथवरची कथा सांगून थांबलो असतो तर ती आम्हां कामगारांना सुखाची झाली असती. पण एक प्रश्न उरतो : रोममध्ये वाटले जाणारे धान्य पिकवीत कोण होते? त्यातले पुष्कळसे सिसिलीतून येई. सिसिली रोमचे कोठार आणि रोमन जनतेला पाजणारी दाई आहे, असे केटोने म्हटल्याचे सिसरो सांगतो. बेटावरच्या पिकाचा दहावा हिस्सा रोमला जाई. शेवटी आपण पुन्हा एन्नाला येतो, जेथून देवीची मुलगी पळविली गेली असे सांगत. त्या एन्नात मोठाल्या जमीनदारांच्या रानांत डागलेले गुलाम राबत होते. इ. स. पूर्व १३५ मध्ये तेथे चारशे गुलाम उठले आणि एउनुस नावाच्या सिरियन गुलामाला त्यांनी राजा केले. दिओदोरुस या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, त्या गुलामांनी शेतघरे जाळली नाहीत, साठवलेले धान्य नासले नाही, आणि नांगर धरणाऱ्यांना हात लावला नाही. आपल्याला पुढे हेच पिकवावयाचे आहे, हे ते जाणून होते. इ. स. पूर्व १३२ मध्ये रोमन सैन्याने तो उठाव मोडला. तिकडे रोममध्ये इ. स. पूर्व १३३ मध्ये गायुसचा वडील भाऊ तिबेरियुस ग्राक्खुस याला, जमीनवाटपाचा कायदा केला म्हणून, सेनेटरांनी दंगलीत ठार मारले. नंतर भय वाटून सेनेटने जुने ग्रंथ पाहिले. त्यांत 'सर्वांत प्राचीन सेरेस'ला शांत करावे असे निघाले. रोममध्ये तिचे भव्य देऊळ असताना पुरोहितांना थेट एन्नाला धाडण्यात आले.

साठ वर्षांनी पुन्हा तेच गाव. इ. स. पूर्व ७३ ते ७१ या काळात वेर्रेस हा सिसिलीचा सुभेदार होता. त्याने दहाव्या हिश्शाच्या नावाखाली शेतकऱ्याला इतके लुबाडले की, सिसरोने खटल्यात दिलेल्या आकड्यांप्रमाणे लेओन्तिनी गावाच्या शिवारात कसणारे ८४ होते ते तिसऱ्या वर्षी ३२ उरले, आणि आगिरियुम येथे २५० चे ८०. एन्नाच्या देवळातील सेरेसची मूर्तीही त्याने उचलून नेली. त्या गावचे लोक सिसरोला भेटले तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते की, मूर्तीबरोबर देवीच शिवार सोडून गेली. ही नुसती भाबडी समजूत नव्हे. कसणाराच निघून गेल्यावर 'वाढ' मागे राहणार कोठे?

सेरेसच्या कथेतला माझ्या मते हा सर्वांत कठीण धडा आहे. शहरातल्या कष्टकऱ्याने लढून स्वस्त धान्य मिळविले, ते त्याच्या हक्काचे होते. पण त्याचा भार उमरावाच्या तिजोरीवर पडण्याऐवजी दूरच्या शेतकऱ्यावर आणि गुलामावर टाकला गेला, आणि शहरातल्या माणसाने तिकडे पाहिले नाही. एकाच देवीची दोन देवळे होती, एक खाणाऱ्यांच्या गावात, एक पिकविणाऱ्यांच्या. त्यांच्यामधून धान्याची जहाजे जात. माणुसकीचा निरोप मात्र क्वचितच गेला. ग्राहकाला माल स्वस्त हवा आणि शेतकऱ्याला भाव हवा, या आपल्या नित्याच्या भांडणात दोघेही एकमेकांकडे बोट दाखवितात, तेव्हा मला एन्ना आठवते.

ओविडने सेरेसची आणखी एक कथा सांगितली आहे. एरिसिक्थोन नावाच्या मातलेल्या माणसाने तिच्या देवराईतले झाड तोडले. शिक्षा म्हणून सेरेसने भुकेला बोलावणे धाडले; पण स्वतः ती गेली नाही, कारण सेरेस आणि भूक यांनी कधी समोरासमोर येऊ नये असा नियतीचा दंडक होता. भूक त्याच्या अंगात शिरली. त्याने सारे धन खाऊन टाकले, पोटची मुलगी विकली, आणि शेवटी स्वतःचेच अवयव खाल्ले. मेनेनियुसच्या गोष्टीतले पोट बेताल झाले म्हणजे काय होते, त्याचे याहून चांगले चित्र मिळणार नाही.

रोमचे देऊळ इ. स. पूर्व ३१ मध्ये जळाले. ऑगस्टसने ते पुन्हा बांधावयास घेतले आणि इ. स. १७ मध्ये तिबेरियुस बादशहाने त्याची प्रतिष्ठापना केली. पण तोवर ट्रिब्यूनाचा अधिकार बादशहानेच आपल्या अंगावर चढविला होता. आज त्या देवळाचे काही उरलेले नाही. नाव मात्र अनपेक्षित ठिकाणी जगले. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्याच पालेर्मो शहरातून ज्युसेप्पे पियाझ्झी याने मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान एक नवी ज्योती पाहिली. बेटाची जुनी देवी म्हणून त्याने तिला सेरेसचे नाव दिले आणि त्याला आपल्या राजाचे, फर्दिनांदचे, नाव जोडले. राजाचे नाव लवकरच गळून पडले, देवीचे राहिले. २०१५ मध्ये 'डॉन' हे यान त्या खुज्या ग्रहापाशी पोहोचले. तेथल्या विवरांना जगभरच्या शेतीदेवतांची नावे दिली आहेत. ज्या विवरातले पांढरे डाग लांबून चमकतात त्याचे नाव ओक्कातोर, म्हणजे आपला तो ढेकळे फोडणारा. दुसऱ्या एका मोठ्या विवराचे नाव उर्वरा. सुपीक जमिनीसाठी हा शब्द संस्कृताने आपल्याला दिला आहे. पृथ्वीवर मात्र तिच्या नशिबी निराळे स्थान आले. शिकागोच्या धान्य सट्टाबाजाराच्या १९३० सालच्या उंच इमारतीच्या माथ्यावर सेरेसची ॲल्युमिनियमची मूर्ती उभी आहे. तिला चेहरा नाही. ना पेरणारा ना वाहणारा, नुसत्या कागदावर गव्हाचे सौदे जेथे होतात, तेथे तिने कोणाकडे पाहावे?

म्हणून अखेर मी त्या बारा नावांकडेच परत जातो. आपण ती यादी केली असती तर कदाचित अकराव्या नावावर थांबलो असतो : पीक आले, वाहून आणले, कोठारात भरले, काम संपले. रोमच्या पुरोहिताने ती तेथे थांबविली नाही. साठवणाऱ्याच्या पुढे त्याने प्रोमितोरचे, कोठारातून धान्य बाहेर काढून देणाऱ्याचे, नाव घेतले. सेरेसची पूजा पुरी होत असे ती या बाराव्या नावाने. भरलेल्या कोठारापाशी सेरेसचे काम संपत नाही, ते पेरणाऱ्याच्या, वाहणाऱ्याच्या आणि खाणाऱ्याच्या घरी धान्य पोहोचल्यावर संपते, एवढे त्या जुन्या यादीवरून आपल्याला शिकता येईल.